घरात तीन संगणक, हिशेब एक: घरखर्चाचं सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर लावताना

सात वर्षांचा घरखर्च मी एका विकतच्या सॉफ्टवेअरात भरला होता. ते फक्त विंडोजवर चालायचं, पण तेव्हा घरात दुसरं काही नव्हतंच. एके वर्षी कंपनीने नूतनीकरण बंद केलं. हिशेब बाहेर काढायला गेलो तर वाट एकच निघाली, पीडीएफ. दोनशेच्या वर पानं आणि त्यातली एकही रक्कम दुसरीकडे आपोआप चढेना.

त्याच सुमारास घरातली यंत्रंही बदलली. माझा लॅपटॉप विंडोजचाच राहिला, बायकोने मॅकबुक घेतलं. हॉलमधला जुना डेस्कटॉप विंडोज ११ला पुरत नव्हता आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून त्यावर भाच्याने लिनक्स घालून दिलं. आता मुलुंडच्या वन बीएचकेत तीन तऱ्हेचे संगणक आणि दोन तऱ्हेचे फोन आहेत. लाइटबिल भरलं की नाही, हे मात्र सगळ्यांना एकाच ठिकाणी दिसायला हवं. त्या खटाटोपात जे शिकलो ते क्रमाने लिहितो.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- सगळ्या बँक खात्यांची १ एप्रिलपासूनची स्टेटमेंटं, एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात. पीडीएफ फक्त पडताळणीला.
- सहकारी बँक, पतपेढी आणि पोस्टाची पासबुकं, मशीनवर भरून आणलेली.
- क्रेडिट कार्डाची बिलं आणि सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या.
- गृहकर्ज असेल तर मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवणारं परतफेडीचं वेळापत्रक.
- म्युच्युअल फंडांचं एकत्रित स्टेटमेंट, म्हणजे कॅस.
- लिबरऑफिस. फुकट आहे आणि तिन्ही यंत्रांवर सारखंच दिसतं.
- दोन पेन ड्राइव्ह, एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेले. एनटीएफएसचा ड्राइव्ह मॅक वाचतो, पण त्यावर लिहीत नाही.
- एक मोकळा रविवार. मेगाब्लॉकचा असेल तर फारच छान, बाहेर पडायचा मोह होत नाही.

१. आधी बाहेर पडायचा दरवाजा बघा

मुंबईत घर बघायला गेलो की आपण पहिलं विचारतो, पाणी किती वेळ येतं. सॉफ्टवेअर घेताना मात्र रंगीत आलेख बघून भुलतो. तिथेही पहिला प्रश्न रोकडा असावा: माझा हिशेब यातून बाहेर कसा निघेल?

बाहेर काढायच्या फाइली मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर, कुठेही उघडतो. क्यूआयएफ हा क्विकन या घरखर्चाच्या अमेरिकी सॉफ्टवेअरचा जुना प्रकार. त्यात तारीख कुठल्या क्रमाने लिहिली आहे हे कळायची सोय नाही आणि एकच नोंद दोनदा आली तर ओळखताही येत नाही. ओएफएक्समध्ये प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून दुबार नोंदी पकडल्या जातात. आपल्याकडच्या बहुतेक बँका ओएफएक्स देत नाहीत, त्यामुळे तुमची गाठ सीएसव्हीशीच पडणार हे गृहीत धरा.

‘कंपनी मोठी आहे, बुडणार थोडीच’ यावर विसंबू नका. मायक्रोसॉफ्टइतकी मोठी कंपनी, पण तिने मनी या सॉफ्टवेअरची विक्री २००९मध्ये थांबवली. आणि एक नाव असलं म्हणजे आत एकच सॉफ्टवेअर असतं असंही नाही. क्विकनचं विंडोजचं आणि मॅकचं सॉफ्टवेअर मुळातच वेगळं आहे, फाइलही वेगळी. एकाची दुसऱ्यात नेताना रूपांतर करावं लागतं. शिवाय क्विकन अमेरिका-कॅनडातल्या बँका डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं आहे. न्यू जर्सीच्या मावसभावाने कितीही गुण गायले तरी मुलुंडच्या शाखेला त्याचा उपयोग नाही.

परीक्षा अशी घ्या. दहा खोट्या नोंदी करा. त्यात एक पगार, एक एटीएममधून काढलेली रोकड, एका खात्यातून दुसऱ्यात वळवलेले पैसे आणि एक परतावा असू द्या. एका खर्चाचं वर्णन मराठीत लिहा. मग ते सगळं बाहेर काढून दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरात उघडा. तारखा, रकमा, मराठी अक्षरं शाबूत राहिली आणि वळवलेले पैसे खर्चात धरले गेले नाहीत, तर ते सॉफ्टवेअर पास. अर्ध्या तासाचं काम आहे. मी ते केलं असतं तर सात वर्षं वाचली असती.

२. एकच निवडा, आणि वर्षभर बदलू नका

घरात कमावणारं एकच माणूस आणि बँक खातंही एकच असेल, तर एक शीट पुरते. गूगल शीट्स किंवा लिबरऑफिस कॅल्क उघडा आणि थेट चौथ्या पायरीवर जा.

त्याहून पसारा मोठा असेल तर तिन्ही यंत्रांवर चालणारे फुकटचे चार पर्याय मी वापरून पाहिले. ग्नूकॅश १९९८पासून आहे आणि पक्की दुहेरी नोंद पद्धत पाळतं, म्हणजे प्रत्येक रक्कम एका खात्यातून निघून दुसऱ्यात गेलेली दाखवावी लागते. सुरुवातीला कडक मास्तरासारखं वाटतं. मॅकवर तर पाहुणा चप्पल न काढता आत आल्यासारखं दिसतं, कारण त्याची सगळी ठेवण लिनक्सची. केमायमनी दिसायला सोपं आणि लिनक्सवर सगळ्यात सुखात असतं. होमबँक सर्वांत हलकं, पण ते दुहेरी नोंदीचं नाही आणि मॅकवर मॅकपोर्ट्ससारख्या आडवाटेने घालावं लागतं. मनी मॅनेजर ईएक्सची फाइल एसक्यूलाइट या सर्रास चालणाऱ्या डेटाबेसची असते आणि त्याचं अँड्रॉइड ॲपही आहे. फोनवर नोंद करायची सवय असेल तर आधी ते बघा.

टॅलीचं नाव तुमचे सीए हमखास काढतील. टॅलीप्राइम विंडोजचं आहे आणि दुकानासाठी आहे. कोथिंबिरीच्या जुडीसाठी व्हाउचर फाडायचं नसेल तर नको.

मी ग्नूकॅशवर थांबलो. पुढच्या काही सूचना त्यामुळे ग्नूकॅशच्या आहेत, पण खाचखळगे सगळीकडे तेच.

३. खाती मांडा, थोडीच

सुरुवात १ एप्रिलपासून करा. प्रत्येक खात्याची त्या दिवशीची आरंभीची शिल्लक लिहा आणि पुढे चला. जुनी वर्षं भरत बसू नका. मी भरत बसलो आणि २०१९चा जून महिना ओलांडता ओलांडता सगळ्याचाच कंटाळा आला.

खर्चाची खाती पंधराच्या आत ठेवा. माझ्याकडे एके काळी ‘वडापाव’ आणि ‘चहा’ अशी दोन स्वतंत्र खाती होती. कटिंग आणि वडापाव एकत्र घेतला की पंधरा रुपयांची फोड करायला मी दादर ते मुलुंड फोनवर डोकं खाजवत बसायचो.

जमा आणि नावे यांचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. पासबुकात पगार ‘जमा’ बाजूला दिसतो, कारण ती बँकेची वही आहे आणि तुमचे पैसे हे बँकेचं देणं आहे. तुमच्या स्वतःच्या वहीत मात्र बँक खातं ही तुमची मालमत्ता, म्हणून पैसे आले की ते खातं ‘नावे’ पडतं. हे डोक्यात बसेना तर ग्नूकॅशच्या सेटिंगमध्ये औपचारिक शब्द बंद ठेवा, मग रकान्यांवर साधी नावं दिसतात.

इथेच आणखी एक करा. हिशेबाचा कालावधी १ एप्रिल ते ३१ मार्च असा लावून ठेवा. ही सेटिंग हिशेबाच्या फाइलमध्ये साठत नाही, त्या त्या यंत्रावर साठते. तुम्ही जपून ठेवलेल्या अहवालांचंही तसंच. म्हणजे तिन्ही यंत्रांवर वेगवेगळं करावं लागतं. हे माहीत नसताना एकाच फाइलमधून बायकोला आणि मला वर्षाचा वेगवेगळा खर्च दिसत होता आणि आम्ही एकमेकांकडे संशयाने बघत होतो.

४. बँकेचं स्टेटमेंट आत घेणं

सगळा घोळ इथे होतो, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

*एक्सेल नसलेली एक्सेल फाइल.* काही बँकांच्या वेबसाइटवरून उतरलेली एक्सएलएस फाइल आतून एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानाचा तक्ता किंवा साधा मजकूर असते. ‘फाइलचा प्रकार आणि नाव जुळत नाही’ असा इशारा आला तर घाबरू नका. लिबरऑफिसमध्ये उघडा, बहुतेकदा उघडते. वरच्या पंधरा-वीस ओळींतला शाखेचा पत्ता आणि शेवटच्या सूचना उडवा. रकान्यांच्या नावांची एकच ओळ ठेवा.

*तारखा.* हा सगळ्यात वाईट सापळा. संगणकाच्या सेटिंगमधला प्रांत (रीजन) अमेरिका असा लावलेला असेल, आणि नव्या लॅपटॉपवर तो पुष्कळदा तसाच असतो, तर ०३/०४/२०२५ म्हणजे ३ एप्रिल न होता ४ मार्च होतो. १३/०४/२०२५ला तेरावा महिना मिळत नाही, म्हणून ती तारीख नुसता मजकूर म्हणून पडून राहते. ओळखायची खूण सोपी आहे. तारखांच्या रकान्यात काही नोंदी डावीकडे चिकटलेल्या आणि काही उजवीकडे सरकलेल्या दिसल्या, की समजा घात झाला. त्या फाइलवर दुरुस्तीचा खेळ खेळू नका. मूळ फाइल पुन्हा घ्या. लिबरऑफिस सीएसव्ही उघडताना जी खिडकी दाखवतं, तिथे तारखेचा रकाना निवडून दिवस-महिना-वर्ष असा क्रम सांगा. आणि तिन्ही यंत्रांवर प्रांत भारत करून टाका.

जुन्या मॅकवर बनलेली एक्सेल वही असेल तर वेगळीच गंमत. तिथे दिवसांची मोजणी १९०४पासून व्हायची, विंडोजवर १९००पासून. अशा वहीतल्या तारखा दुसऱ्या वहीत चिकटवल्या की चार वर्षं आणि एक दिवस इकडेतिकडे होतात.

*यूपीआयचा संदर्भ क्रमांक.* हा बारा आकडी असतो. एक्सेल अकरापेक्षा जास्त आकड्यांची संख्या आखडून ४.१२ई+११ अशी दाखवतं. नुसती दाखवली तर ठीक, पण ती फाइल परत सीएसव्ही म्हणून साठवली की जे दिसतं तेच लिहिलं जातं आणि मूळ क्रमांक कायमचा जातो. पंधरा आकड्यांपलीकडे तर शेवटच्या आकड्यांची शून्यं होतात. सीएसव्ही फाइलवर डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडायची सवय मोडा. आयात करताना हा रकाना ‘मजकूर’ म्हणून सांगा.

*लाखाचे स्वल्पविराम.* १,२५,०००.०० ही रक्कम काही सॉफ्टवेअरं आकडा मानत नाहीत, कारण त्यांना तीन-तीनचेच गट माहीत असतात. ‘शोधा आणि बदला’ वापरून रकमेच्या रकान्यातले स्वल्पविराम आधीच काढून टाका.

*मराठी अक्षरं.* वर्णनं मराठीत असतील तर फाइल यूटीएफ-८मध्ये साठवा. एक्सेलमध्ये त्यासाठी ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा निराळा पर्याय आहे. साधा सीएसव्ही निवडला तर मॅकवर प्रश्नचिन्हांची रांग उघडेल. घरच्या वडीलधाऱ्यांनी पूर्वी युनिकोड नसलेल्या फॉन्टात जमाखर्च टाइप केला असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. मजकूर हरवलेला नसतो. फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारं साधन वापरलं की परत येतो.

*ताळा.* आत घेण्याआधी आणि नंतर एकच बेरीज: आरंभीची शिल्लक, अधिक आलेलं, वजा गेलेलं, म्हणजे अखेरची शिल्लक. एका पैशाचाही फरक चालवून घेऊ नका. दोन स्टेटमेंटांच्या तारखा एकमेकांवर चढल्या असतील तर नोंदी दुबार होतात, म्हणून नेहमी पूर्ण महिन्याचंच स्टेटमेंट काढा.

पीडीएफचं एक्सेल करून देणाऱ्या फुकट वेबसाइटांवर बँकेचं स्टेटमेंट चढवू नका. त्यावर तुमचं नाव, पत्ता, खाते क्रमांक, पगार आणि तुम्ही कुठे काय खाता हे सगळं असतं. पासबुकच असलेल्या खात्यांच्या नोंदी हाताने टाइप करा. पीपीएफमध्ये वर्षाला असतातच किती?

५. फोनकडून फार अपेक्षा नको

‘बँकेचे मेसेज वाचून आपोआप खर्च लिहिणारं ॲप घे’ हा सल्ला अँड्रॉइडवाले देतात. आयफोनवर कुठल्याही ॲपला तुमचे एसएमएस असे वाचता येत नाहीत, ॲपलची तशी मुभाच नाही. घरात दोन्ही तऱ्हेचे फोन असतील तर अर्धाच संसार नोंदला जातो.

संमती देऊन बँकेतून थेट माहिती आणायची एक अधिकृत वाटही आहे, अकाउंट ॲग्रिगेटर. सप्टेंबर २०२१मध्ये ती सुरू झाली. मधला ॲग्रिगेटर रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालतो आणि त्याला तुमचा मजकूर वाचता येत नाही. पण ती माहिती ज्या ॲपमध्ये उतरते, त्यातून बाहेर काढता येते का? पहिली पायरी पुन्हा वाचा.

यूपीआय लाइट, म्हणजे किरकोळ खर्चाचं फोनमधलं पाकीट, वापरत असाल तर हे ध्यानात ठेवा: स्टेटमेंटमध्ये त्या पाकिटात पैसे टाकल्याची एकच ओळ येते, पाकिटातून झालेला एकेक खर्च येत नाही. रिक्षा, चहा, भाजी सगळं तिथे गडप होतं. मी ‘यूपीआय लाइट’ नावाचं खातंच उघडलंय, खिशातल्या रोकडीसारखं. महिन्याअखेरीस जे संपलं ते ‘किरकोळ’ म्हणून एका ओळीत लिहितो.

क्रेडिट कार्डाचं बिल भरणं हा खर्च नव्हे. खर्च कार्ड घासलं तेव्हाच झाला. बिल म्हणजे एका खात्यातून दुसऱ्यात वळवलेले पैसे. हे चुकलं की महिन्याचा खर्च दुप्पट दिसतो आणि घरात विनाकारण भांडण लागतं.

६. एक फाइल, तीन यंत्रं

ग्नूकॅशची फाइल एका वेळी एकानेच उघडायची असते. उघडली की शेजारी एलसीके नावाची कुलपाची फाइल तयार होते. दुसऱ्या यंत्रावर ‘फाइल वापरात आहे’ असं आलं तर ‘तरीही उघडा’ दाबू नका. ‘अगं, तू बंद केलंस का?’ असं आतल्या खोलीत ओरडून विचारा. क्लाउडच्या फोल्डरात फाइल ठेवली असेल तर बंद केल्यावर ती पूर्ण चढेपर्यंत दोन मिनिटं थांबा, मग लॅपटॉप मिटा.

त्याच फोल्डरात ग्नूकॅश तारीख-वेळ जोडलेल्या जुन्या प्रती ठेवत जातं, नेहमीच्या सेटिंगने तीस दिवसांच्या. माझ्या हातून एकदा त्यातलीच एक प्रत उघडली गेली आणि पंधरा दिवसांच्या नोंदी मी तिच्यात केल्या. मूळ फाइल बिचारी तशीच. तेव्हापासून मुख्य फाइलचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवलाय आणि फोल्डर उघडतच नाही.

सॉफ्टवेअरची आवृत्ती तिन्हीकडे एकच हवी. लिनक्सच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर-भांडारात बऱ्याचदा जुनी आवृत्ती असते. ती नको असेल तर फ्लॅटपॅकमधून घ्या, ती लिनक्सवर सॉफ्टवेअर घालायची दुसरी वाट.

महिन्यातून एकदा फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि सोबत सगळे व्यवहार सीएसव्हीतही काढून ठेवा. ड्राइव्हला कुलूप लावायचं तर व्हेराक्रिप्ट वापरा, ते तिन्हीकडे चालतं. विंडोजचं बिटलॉकर मॅकला कळत नाही आणि मॅकचं फाइलव्हॉल्ट विंडोजला.

७. फंड आणि शेअर

ॲम्फी ही म्युच्युअल फंडांची संघटना रोजच्या एनएव्ही, म्हणजे एकेका युनिटच्या किमती, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रसिद्ध करते. ग्नूकॅश त्या आपोआप आणू शकतं, पण त्यासाठी पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा यंत्रावर लागते आणि ते बसवायची तऱ्हा तिन्ही यंत्रांवर वेगळी. मी दोन रविवार घालवले आणि सोडून दिलं. आता महिन्याअखेरीस कॅस बघून सात आकडे हाताने लिहितो, दहा मिनिटं लागतात.

८. जुलै महिना

आयकर खात्याच्या पोर्टलवरून एआयएस, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या उत्पन्नाचं आणि व्यवहारांचं खात्याकडचं पत्रक, उतरवा. पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि लगेच पुढे जन्मतारीख, आठ आकडी. रिटर्नची एक्सेल युटिलिटी मॅक्रोवर, म्हणजे एक्सेलच्या आत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामवर चालते, लिबरऑफिसमध्ये तिचा उपयोग नाही. मॅक किंवा लिनक्सवाल्यांनी तिच्या नादी न लागता पोर्टलवरच ब्राउझरमध्ये फॉर्म भरावा. साध्या पगारदाराचं तेवढ्यात भागतं.

मग एआयएसमधलं व्याज तुमच्या वहीतल्या व्याजाशी लावून बघा. फरक निघाला तर पहिला संशय संचयी मुदतठेवीवर घ्या. तिचं व्याज मुदत संपेपर्यंत तुमच्या बचत खात्यात येत नाही, म्हणून स्टेटमेंटमधून आलेल्या नोंदींत ते कुठेच नसतं. बँक मात्र ते दर वर्षी आयकर खात्याला कळवते आणि लागू असेल तर टीडीएसही कापते. बँकेकडून व्याजाचा दाखला घ्या आणि ठेवीच्या खात्यात ३१ मार्चच्या तारखेने ती नोंद हाताने घाला.